बाळाचं नाव फ्रेंच आणि इंग्रजी दोन्हींत चालायला हवं? मुस्लिम पालकांनी काय बघावं

कॅनडाला जायचं ठरवणाऱ्या तरुण जोडप्यांना आता इंग्रजीबरोबर फ्रेंचही शिकावीशी वाटते. कारण सरळ आहे. कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्री पद्धतीत फ्रेंच येणाऱ्याला जादा गुण मिळतात आणि २०२३ पासून फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी निवडीच्या वेगळ्या फेऱ्याही होतात. कुणी माँट्रियलला स्थायिक होतं, कुणी कंपनीच्या कामानं पॅरिसला जातं. मॉरिशसमध्ये तर या दोन्ही भाषा रोजच्या कानावरच्या.

अशा घरात बाळाची चाहूल लागली की नावाचा प्रश्न येतो. नाव असं हवं की रत्नागिरीच्या किंवा महाडच्या दादीला सहज हाक मारता यावी. मस्जिदीत इमामसाहेबांनी अर्थ विचारला तर सांगताना संकोच वाटू नये. आणि परदेशातल्या शाळेत बाईंनी हजेरी घेताना मुलाला आपलं नाव ओळखूही येऊ नये, असं व्हायला नको.

हे जमतं. पण त्यासाठी नाव आणि स्पेलिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधी समजून घ्यावं लागतं. बहुतेक वेळा नाव चांगलंच असतं, घोटाळा स्पेलिंगमध्ये असतो.

सुरुवात अर्थापासून

पैगंबर मुहम्मद (स.) यांनी अल्लाहला सर्वांत प्रिय नावं अब्दुल्लाह आणि अब्दुर्रहमान असल्याचं सांगितलं, ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. वाईट अर्थाची नावं ते बदलत असत. एका स्त्रीचं नाव आसिया, म्हणजे आज्ञा मोडणारी, असं होतं. ते बदलून त्यांनी जमीला ठेवलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. फिरऔनच्या ईमानदार पत्नीचं नावही आसियाच. ऐकायला दोन्ही सारखी, पण अरबीत अक्षरं वेगळी. वाईट अर्थाचं नाव 'ऐन' आणि 'स्वाद' या अक्षरांनी लिहितात, तर हजरत आसियांचं नाव 'अलिफ' आणि 'सीन'नं. इंग्रजीत, फ्रेंचमध्ये आणि मराठीतही हा फरक दिसत नाही. म्हणून पहिली पायरी हीच: नाव आधी अरबी किंवा उर्दूत कागदावर लिहून घ्या, जाणकाराकडून अर्थ पक्का करा आणि मगच रोमन स्पेलिंगकडे वळा. इंटरनेटवरच्या यादीत पहिल्यांदा स्पेलिंग आवडलं आणि अर्थ नंतर शोधला, तर फसगत होते.

फ्रेंच जीभ कुठे अडखळते

आपण शाळेत रोमन अक्षरं इंग्रजीच्या वळणानं शिकलो. फ्रेंच माणूस तीच अक्षरं वेगळी वाचतो. मुस्लिम नावांच्या बाबतीत खालच्या आठ गोष्टी सांभाळल्या की बरंच काम होतं.

१. एच गप्प असतो. हसनचा 'आसान', हमीदचा 'आमीद' आणि हिबाची 'इबा' होते. इब्राहिममधला मधला 'ह'ही गळतो.

२. यू म्हणजे 'उ' नाही. ओठ 'ऊ'साठी गोल करायचे आणि म्हणायचं 'ई', तो फ्रेंच यू. 'ऊ'साठी ते ओ-यू ही जोडी लिहितात. म्हणून यूसुफ, मूसा, नूर या नावांत तिकडे ओ-यू दिसतं. आपल्याकडे नूर लिहिताना दोन ओ घालतात, ते फ्रेंच माणूस 'नोर' वाचतो. उलट फ्रेंच पद्धतीनं ओ-यू घातलं तर इंग्रज ते 'अवर'च्या चालीवर 'नावर' वाचू शकतो.

३. दोन स्वरांमधला एकटा एस 'झ' होतो. ईसाचं 'ईझा' होतं. ते टाळण्यासाठी फ्रेंच स्पेलिंगमध्ये दोन एस असतात. इंग्रजीत दोन एस चालून जातात, म्हणून हा उपाय बिनधोक आहे.

४. 'श'साठी सी-एच. आयेशा, रशीद ही नावं तिकडे सी-एच घालून लिहितात. इंग्रजी वाचणारा त्याचं 'राचिड' करतो. पण एस-एच लिहिलं तर फ्रेंच लोकही बहुधा 'श'च वाचतात. त्यामुळे दोन्ही देशांचा विचार असेल तर एस-एच ठेवावं.

५. जे मऊ असतो. इंग्रजी 'टेलिव्हिजन' या शब्दातल्या 'ज'सारखा. आपला कडक 'ज' हवा म्हणून अल्जीरियातले लोक जमीला, जमाल ही नावं डी-जे लावून लिहितात.

६. शेवटचा एन नाकात जातो. इम्रानचं 'इम्राँ', अमीनचं 'आमँ'. यावर फ्रेंच उपाय म्हणजे शेवटी एक मुका ई जोडणं. पण तो ई पाहून इंग्रजी वाचणारा अमीनला 'अमाइन' म्हणतो. तेच अमीना घ्या. शेवटी 'आ' आल्यामुळे एन नीट उच्चारला जातो आणि दोन्हीकडे नाव सारखं राहतं. मुलींची नावं मुलांच्या नावांपेक्षा सोपी पडतात, त्याचं एक कारण हे.

७. जोडस्वर बदलतात. ए-आय एकत्र आले की 'ए' आणि ओ-आय एकत्र आले की 'वा'. त्यामुळे झैदचं 'झेद' होतं. फ्रेंच लोक आयवर दोन टिंबं देऊन हे स्वर सुटे करतात. टिंबांची भानगड नको असेल तर आयऐवजी वाय लिहावा.

८. आर घशातून येतो. उर्दू येणाऱ्यांनी 'ग़रीब'मधला ग़ैन आठवावा, त्याच्या जवळचा. पण करीम किंवा समीरमधला आर घशातून आला तरी नाव ओळखू येतं, म्हणून याची फार काळजी नको.

थोडक्यात, ज्या नावात एच, यू, जे आणि शेवटचा एन नाही, ते नाव दोन्ही भाषांत जवळजवळ जसंच्या तसं राहतं.

एकच नाव, दोन रूपं

फुटबॉलपटू झिनेदीन झिदान मार्सेलमध्ये अल्जीरियन आईवडिलांच्या घरी जन्मला. त्याचं नाव म्हणजे आपलं झैनुद्दीन. इंग्लंडच्या ब्रॅडफर्डमध्ये जन्मलेला गायक झेन मलिक याच्या नावातही तोच 'झैन' आहे. अरबीत मूळ एक, पण कागदावर ही दोन नावं शेजारी ठेवली तर नातं चटकन लक्षात येणार नाही. फ्रान्सच्या माजी न्यायमंत्री राशिदा दाती यांचं नाव आपल्याकडचं रशीदाच. २०१६ साली गोंकूर पुरस्कार मिळवणाऱ्या लेखिका लैला स्लिमानी यांच्या आडनावात सुलेमान लपलेला आहे. फुटबॉलपटू उस्मान देम्बेलेच्या नावात ओ-यू आहे, तर इंग्रजी देशांत उस्मान बहुधा यू किंवा ओ या एकाच अक्षरानं सुरू होतो.

मुहम्मद या नावाचंही तसंच. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२३ साली मुलग्यांच्या नावांत ते पहिल्या क्रमांकावर होतं. तिथला सांख्यिकी विभाग प्रत्येक स्पेलिंग वेगळं मोजतो, म्हणजे हा पहिला क्रमांक एकाच स्पेलिंगचा. फ्रेंच देशांत बहुधा मध्ये एकच एम आणि शेवटी ई-डी असं लिहितात.

दोन्हीकडे सहज चालणारी नावं

मुलांसाठी:

- आदम: तिन्ही धर्मांत मान असलेलं नाव. फ्रान्समध्ये आणि इंग्रजी देशांतही रुळलेलं.
- समीर: अरबीत रात्रीच्या गप्पांचा सोबती. मराठीत समीर म्हणजे वारा, त्यामुळे गावीही परकं वाटत नाही.
- नबील: उमदा, खानदानी.
- करीम: उदार. अब्दुल करीम असं पूर्ण ठेवणं अधिक चांगलं.
- बिलाल: हजरत बिलाल (रजि.) यांचं नाव. सगळी अक्षरं सोपी.
- सामी: उंच, श्रेष्ठ.
- इदरीस: पैगंबरांचं नाव. फ्रेंचमध्ये शेवटचा एस गळू नये म्हणून दोन एस लिहितात. इंग्रजीत अभिनेता इद्रिस एल्बामुळे ओळखीचं.
- झकारिया: पैगंबरांचं नाव. मुंबईत जन्मलेले पत्रकार फरीद झकारिया यांच्या आडनावामुळे इंग्रजी जगाला परिचित.

मुलींसाठी:

- सारा आणि मरियम: दोन्ही भाषांत जुनी नावं. मरियमचं फ्रेंच रूप मिर्याम, पण मरियमही चालतं.
- अमीना: विश्वासू. पैगंबरांच्या (स.) आईंचं नाव आमिना वेगळं, त्याचा अर्थ सुरक्षित, निश्चिंत. रोमन लिपीत दोन्ही एकच दिसतात.
- लीना: कुरआनच्या सूरह हश्रमध्ये हा शब्द खजुरीच्या झाडासाठी आला आहे. मराठी, इंग्रजी, फ्रेंच तिन्हींत सारखा उच्चार.
- सलमा: सुखरूप.
- सना: स्तुती.
- नादिया: हाक देणारी. युरोपातही हे नाव आहे, तिथे त्याचं मूळ वेगळं.
- लैला: रात्र. स्पेलिंग दोन्हीकडे वेगळं, उच्चार मात्र जवळचा.
- यास्मिन: जाई-जुईच्या कुळातलं फूल. फ्रेंचमध्ये शेवटी ई लावतात. तो ई इंग्रजीतही चालतो.
- इनाया: जपणूक, काळजी.

सोफिया हे नाव बऱ्याच घरांत सफियाच्या जागी सुचवलं जातं. अर्थ चांगला आहे, पण ते ग्रीक नाव. सफिया म्हणजे निवडलेली, निर्मळ, आणि ते उम्मुल मोमिनीन हजरत सफिया (रजि.) यांचं नाव. त्यांच्या आठवणीनं ठेवायचं असेल तर सफियाच ठेवा. तेही दोन्ही भाषांत अडत नाही.

उत्तम अर्थाची, पण जपून ठेवायची नावं

काही नावांचा अर्थ सुंदर असतो, पण दुसऱ्या भाषेत तोच आवाज भलतं काही सांगतो. ही नावं ठेवू नयेत असं कुणी म्हणू नये. आपल्या कितीतरी बुजुर्गांची ती नावं आहेत. फक्त माहीत असावं.

- मोईन म्हणजे मदत करणारा. ओ-आयमुळे फ्रेंच माणूस 'म्वँ' वाचतो आणि त्या आवाजाचा अर्थ होतो 'कमी'. आयवर दोन टिंबं दिली की स्वर सुटे होतात.
- रझिया म्हणजे राजी, समाधानी. फ्रेंचमध्ये याच आवाजाचा एक शब्द आहे, अर्थ धाड. गंमत म्हणजे तो अल्जीरियाच्या अरबीतून, ग़ज़वाच्या कुळातून आला आहे. ग़ैनचा आर झाला, बस.
- सालेह म्हणजे नेक. एच गळाला की 'साले' उरतं, म्हणजे खारवलेलं. सलीम ठेवलं तर हा प्रश्न येत नाही.
- निकहत म्हणजे सुगंध. पण फ्रेंच कानाला पहिला तुकडा शिवीसारखा लागतो. शाळकरी पोरं सोडणार नाहीत.
- फख्रनं सुरू होणाऱ्या नावांचं इंग्रजीत तेच होतं.
- अनस हे हजरत अनस बिन मालिक (रजि.) यांचं नाव. फ्रेंचमध्ये काही अडचण नाही. इंग्रजीत मात्र चुकीचा उच्चार झाला तर लाज वाटावी असा शब्द तयार होतो. दोन एस आणि शेवटच्या स्वरावर जोर, असं मुलाला लहानपणीच शिकवावं लागतं.

कागदपत्रांची घाई

इथे सर्वांत जास्त गडबड होते, कारण प्रत्येक देशाची मुदत वेगळी.

फ्रान्समध्ये जन्माची नोंद पाच दिवसांच्या आत नगरपालिकेत करावी लागते आणि नाव तेव्हाच सांगावं लागतं. आपल्याकडे अकीका सातव्या दिवशी करण्याची सुन्नत आहे आणि बरेच लोक नावही तेव्हाच ठरवतात. म्हणजे फ्रान्समध्ये अकीक्याची वाट बघत बसलात तर मुदत टळते. यात दीनची अडचण काही नाही. पैगंबरांना (स.) मुलगा झाला तेव्हा त्यांनी जन्माच्या रात्रीनंतर लगेच त्याचं नाव इब्राहिम ठेवल्याचं सांगितलं, हीही सहीह हदीस आहे. तेव्हा नाव आधी नोंदवावं आणि अकीका सातव्या दिवशी करावा. पण नावावर घरात एकमत बाळंतपणाआधीच झालेलं असावं. दादा-नाना फोनवर रुसलेले आणि तिकडे मुदत संपत आलेली, असं होऊ देऊ नका.

क्यूबेकमध्ये नोंदीसाठी तीस दिवस मिळतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये बेचाळीस दिवस. भारतात जन्माची खबर एकवीस दिवसांत द्यायची असते. नाव नंतरही घालता येतं. वर्षाच्या आत फी लागत नाही, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. पण आता ढिलाई नको. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच जन्माच्या तारखेचा पुरावा मानला जातो. त्यावर जे स्पेलिंग तेच आयुष्यभर.

आणखी तीन गोष्टी:

वरची टिंबं टिकत नाहीत. फ्रेंच जन्मदाखल्यावर आयेशाच्या आयवर दोन टिंबं देता येतात. पण पासपोर्टच्या खालच्या, यंत्रानं वाचायच्या ओळींत फक्त साधी रोमन अक्षरं असतात. विमानाचं तिकीटही तसंच. म्हणून टिंबं आणि मात्रा काढून टाकल्यावर नाव कसं दिसतं ते बघूनच स्पेलिंग ठरवा.

अब्दुल तुटू देऊ नका. अब्दुर्रहमान दोन शब्दांत लिहिलं की परदेशी फॉर्मवर 'अब्दुल' हे नाव आणि 'रहमान' हे मधलं नाव बनतं. मग शाळेत पोराला नुसतं 'अब्दुल' म्हणतात, किंवा नुसतं 'रहमान', आणि हे दुसरं तर आपल्या अकिद्याला धरून नाही. एकाच शब्दात, मध्ये जागा न सोडता लिहा.

बापाचं नाव कुठे जातं? आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी पद्धत. क्यूबेकच्या कायद्यात एक किंवा अधिक नावं आणि जास्तीत जास्त दोन भागांचं आडनाव. तिथे वडिलांचं नाव मुलाच्या दुसऱ्या नावाच्या रकान्यात जातं. घालायचं की नाही ते आधी ठरवा आणि सगळ्या भावंडांना एकच पद्धत ठेवा.

सरकार नाव नाकारू शकतं का?

फ्रान्समध्ये १८०३ च्या कायद्यानं नावं ठरावीक कॅलेंडरांतून आणि प्राचीन इतिहासातूनच घ्यावी लागत. १९९३ पासून पालकांना मोकळीक मिळाली. आता अधिकारी नाव थेट नाकारत नाही. नाव मुलाच्या हिताविरुद्ध वाटलं तर तो सरकारी वकिलाला कळवतो आणि निर्णय न्यायालय देतं. २०१५ साली उजेडात आलेल्या एका प्रकरणात आईवडिलांनी मुलीचं नाव चॉकलेटच्या प्रसिद्ध लोण्यावरून 'न्युटेला' ठेवलं होतं. न्यायालयानं ते 'एला' केलं. क्यूबेकमध्येही मुलाची थट्टा होईल असं नाव असेल तर नोंदणी संचालक पालकांना फेरविचार करायला सांगतात. मुहम्मद, फातिमा, इब्राहिम ही नावं मुस्लिम आहेत म्हणून अडवली जात नाहीत.

राजकारणात मात्र हा विषय पेटतो. २०२२ च्या फ्रेंच राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत एरिक झेमूर यांनी परदेशी नावांवर पुन्हा बंदी आणण्याचा मुद्दा घेतला होता. त्यांना पहिल्या फेरीत सुमारे सात टक्के मतं पडली आणि ते चौथे आले.

मग नाव लपवायचं का?

हा प्रश्न घराघरात विचारला जातो आणि तो खोटा नाही. फ्रान्समधल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सारख्या शिक्षणाचे आणि एकाच लेबनीज मुळाचे अर्ज पाठवण्यात आले होते. फरक फक्त धर्माचा. मुस्लिम उमेदवारांना, विशेषतः पुरुषांना, मुलाखतीची बोलावणी कितीतरी कमी आली. फ्रेंच नागरिकत्व घेताना नाव फ्रेंच करून घेण्याची सोयही कायद्यात आहे. ती ऐच्छिक आहे, सक्ती नाही.

काही पालक या भीतीनं आदम, सारा, लीना यांसारखी दोन्हीकडची नावं निवडतात. त्यात काही गैर नाही. ही नावं आपलीच आहेत, उसनी नाहीत. काही पालक ठरवून मुहम्मद किंवा खदीजा ठेवतात. तेही बरोबर. पण एक लक्षात घ्या, त्या अभ्यासातल्या उमेदवारांना मागे टाकणारी गोष्ट स्पेलिंग नव्हती, समोरच्याचा पूर्वग्रह होता. तो नाव बदलून पुरता जात नाही, कारण आडनाव असतं, चेहरा असतो, नमाज असते. म्हणून नाव सोपं असावं ते मुलाच्या सोयीसाठी. लाजेपोटी निवडलेलं नाव मूल मोठं झालं की त्यालाच प्रश्न विचारायला लावतं.

ठरवण्यापूर्वी घरच्या घरी कसोटी

- नाव अरबी-उर्दूत, देवनागरीत आणि रोमनमध्ये लिहा. तिन्ही एकाच माणसाची वाटतात का ते बघा.
- ज्याला उच्चार माहीत नाही अशा एका फ्रेंच आणि एका इंग्रजी बोलणाऱ्याला नुसतं स्पेलिंग वाचायला द्या. आपण मध्ये बोलायचं नाही.
- मोबाईलवर दोन्ही भाषांत ते वाचून घ्या आणि ऐका.
- नावाचं लाडकं, तोडलेलं रूप काय होईल ते आधीच म्हणून बघा.
- नाव आणि आडनाव एकत्र वाचा. मुकादम, पारकर, काझी यांच्याबरोबर ते कसं जमतं?
- दादी-नानीला फोन लावा आणि त्यांच्या तोंडून तीनदा हाक मारून घ्या.
- ठरलेलं स्पेलिंग एका कागदावर लिहून इस्पितळाच्या बॅगेतच ठेवा. बाळंतपणाच्या धावपळीत फॉर्म भरणारा कुणीही असो, अक्षरं तीच पडतील.

शेवटच्या दोन गोष्टी कधीच वगळू नका. परदेशातल्या बाई मुलाचं नाव काही वर्षं घेतील. पासपोर्टवरची अक्षरं त्याला जन्मभर पुरतील. आणि सुट्टीत गावी आल्यावर अंगणातून जी हाक येईल, तिला वळून 'ओ' देणारं मूल हवं असेल, तर ते नाव दादीच्या तोंडीही बसायला हवं.